दारातली रुई आणि मामाचा पंप

माझ्या वडिलांनी रेल्वेत तीस वर्षं रुई उपटण्याचा पगार घेतला, आणि ते रिटायर झाल्यावर मी तीच रुई आमच्या दारात लावली.

म्हणजे, रुई उपटणं एवढंच त्यांचं काम नव्हतं. पप्पा दौंडला ट्रॅकवर होते. आधी गँगमध्ये, शेवटी मुकादम. रूळ, खडी, स्लीपर हे सगळं होतंच. पण रुळाच्या कडेला जे जे उगवतं त्यात सगळ्यात चिवट रुई, असं ते सांगायचे. "वरून कापली की खालून येती. खालून खणली की शेजारून येती. एवढे साहेब बदलून गेले, पण रुई काय हलली नाही!" अशा माणसाला "पप्पा, मी दारात रुई लावू का?" असं विचारायला धैर्य लागतं. ते माझ्यात नाही. म्हणून मी विचारलंच नाही. लावून टाकली, आणि ते कधी ओळखतात याची वाट बघत बसले.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. इंग्लिश मीडियमच्या शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'शी इज अ क्वाएट चाइल्ड' असा शेरा यायचा आणि घरच्यांना ते बक्षीस वाटायचं. आता मला दोन भाषा येतात आणि दोन्हींत उत्तम गप्प बसता येतं. दुकानदाराने साखरेऐवजी मीठ बांधून दिलं तर मी 'थँक यू' म्हणून घरी येते. पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी दौंडला घरी बसून करते, कारण तिथे कॅमेरा बंद ठेवता येतो.

तर, रुई. रेल्वे क्वार्टर सोडून आम्ही स्वतःच्या घरात आलो, तेव्हा पुढे चार पावलं मोकळी जमीन मिळाली. तिथे फुलपाखरांची, मधमाश्यांची बाग करायची असं मी ठरवलं. इंटरनेटवर याद्या होत्या, पण त्यांतली फुलं थंड देशातली. दौंडच्या मे महिन्यात त्यांना आणणं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून तव्यावर बसवण्यासारखं. मग वाचता वाचता लक्षात आलं, की आपल्या मातीतलं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं जगणारं, पाणी न मागणारं आणि तरीही फुलणारं एक रानझाड आपल्याकडे आहे, आणि एका सुंदर केशरी फुलपाखराची पिल्लं त्याचीच पानं खाऊन मोठी होतात. मला त्या झाडाबद्दल एकदम आपुलकी वाटली. तेही कुणाशी न बोलता कडेला उभं असतं.

नर्सरीत गेले. "रुईचं रोप आहे का?" (हे वाक्य मी रस्त्यात चार वेळा म्हणून पाहिलं होतं.)

नर्सरीवाल्याने माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं. "काटा मोडलाय का ताई? चीक पाहिजे?"

"नाही, लावायची आहे."

"लावायची?" तो मागे वळून ओरडला, "अरं ऐकलं का, ताई रुई इकत घ्यायला आल्यात!" आतून दोघं जण मला बघायला बाहेर आले. मी एक झेंडू विकत घेऊन परतले.

शेवटी रुळाच्या पलीकडून एक सुकलेलं बोंड आणलं. ते फुटलं, त्यातला रेशमासारखा कापूस आईच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर बसला, त्याचं जे व्हायचं ते झालं. पण बी रुजलं. रोप वीतभर झालं तेव्हा पप्पांनी ते पाहिलं. चहाचा कप हातात तसाच. मग शांतपणे म्हणाले, "शेवटी पत्ता शोधत घरापर्यंत आली व्हय!"

बस. उपटली मात्र नाही. रिटायर झालेल्या माणसाची शत्रूवरही माया जडते बहुतेक.

पहिली तक्रार भिंतीपलीकडून आली. आमच्या शेजारी जगतापकाकू राहतात. प्रेमळ, मोठ्या आवाजाच्या, आणि आम्ही राहायला आल्या दिवसापासून मला 'मुकी' म्हणणाऱ्या. "अगं मुके, दारात रुई लावत्यात का कुणी? ओसाड घरापुढं येती ती!" मी हसले. (मला उत्तर द्यायचं नसलं की मी हसते. लोकांना मी फार आनंदी वाटते.)

पण पुढच्या वर्षी रुई पुरुषभर वाढली, जांभळट फुलांचे गुच्छ आले, दिवसभर मोठाले काळे भुंगे घोंगावू लागले. आणि एका शनिवारी सकाळी काकूच फाटक उघडून आत आल्या. हातात परडी.

"मुकादम, मारुतीला रुईच्या पानांचा हार घालते मी शनिवारचा. रुळापलीकडं जावं लागायचं, गुडघं दुखत्यात. घेऊ का पानं?"

आम्ही बौद्ध. आमच्याकडे शनिवार म्हणजे फक्त रविवारच्या आदला दिवस. पण पप्पा उठून उभे राहिले. "घ्या की! मारुतीचं आणि माझं कधी भांडण नव्हतं. माझं होतं ते रुईशी, तेही आता मिटलं."

काकूंना चांगली गोष्ट एकटीने भोगवत नाही. पुढच्या शनिवारी त्यांच्याबरोबर आणखी दोघी आल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी पाच. पप्पांनी दारात खुर्च्या मांडल्या, माठ भरून ठेवला. ड्युटी संपल्यापासून हा माणूस पुण्याच्या डेमू गाडीची शिट्टी ऐकून घड्याळ बघायचा आणि पुन्हा पेपर वाचायचा. आता तो शनिवारी दाढी करून बसू लागला. "खालची पानं घ्या. वरची कोवळी राहू द्या. रांगेत या, रांगेत!" आमच्या गल्लीत मारुतीच्या भक्तांची सोय एका बौद्ध मुकादमाने लावली होती, आणि प्लॅटफॉर्मपेक्षा चांगली लावली होती.

मलाही ते आवडत होतं. अडचण एका शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाली.

पानाखाली अळ्या होत्या! काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर काळी शिंगं असलेल्या, डझनभर. दोन वर्षं मी ज्यांची वाट पाहत होते त्या. अळीचा कोश होतो आणि कोशातून फुलपाखरू निघतं हे मी पहिलीपासून पाठ केलं होतं. प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं. आता माझ्या झाडावर, माझ्या डोळ्यांदेखत ते होणार होतं. मला एवढंच हवं होतं: एक फुलपाखरू कोशातून निघताना बघायचं.

आणि दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

"काकूंना सांग की सरळ," आई म्हणाली. "काकू, थोडे दिवस पानं तोडू नका. झालं."

'झालं' म्हणे! आईला हे वाक्य किती लांब आहे याची कल्पना नव्हती. काकूंचे गुडघे, काकूंचा मारुती, पप्पांच्या खुर्च्या, एवढं सगळं ओलांडून ते माझ्या तोंडातून बाहेर यायला हवं होतं. मी खिडकीत उभी राहिले आणि सूचक खोकले. काकूंनी पानं नेली, आणि तासाभराने माझ्यासाठी अडुळशाचा काढा आणला. तो मी प्यायले.

त्या दिवशी तीन अळ्या पानांसकट मारुतीकडे गेल्या.

पुढच्या शनिवारी मी पहाटेच झाडाभोवती भरपूर पाणी सोडलं. चिखल पाहून बायका परत जातील असा हिशेब होता. काकूंनी चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलात उतरत सगळ्यांना सांगितलं, "बघा, न बोलता पहाटं उठून पानी घालती! मुकी हाय पन गुणाची हाय." मी हसले. अजून दोन अळ्या गेल्या.

मग मला ती कल्पना सुचली. तोंड न उघडता नकार देण्याची जगात एकच पद्धत आहे: बोर्ड! मी पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत लिहिलं, 'सावधान! या झाडावर विषारी औषध फवारले आहे. पाने तोडू नयेत.' खाली कवटी काढली. ती जरा हसरी आली, पण उद्देश कळत होता.

आणि बोर्ड चालला! शनिवारी कुणीही आलं नाही. अळ्या निवांत पानं कुरतडत होत्या. मी खिडकीतून बघत होते आणि स्वतःवर बेहद्द खूष होते. पप्पा दाढी करून, खुर्च्या मांडून दहा वाजेपर्यंत बसले. मग एकेक खुर्ची आत ठेवताना म्हणाले, "फवारलं कधी गं तू? मी तर दिवसभर दारातच असतो."

"तुम्ही झोपला होता तेव्हा," मी म्हणाले. बोर्ड लिहून झाला तरी खोटं काही पुठ्ठ्यावर थांबत नाही.

तिकडे काकूंच्या घरात वेगळंच चाललं होतं. मंगळवारी त्या साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. चेहरा उतरलेला.

"आज मंगळवारी उपवास?" आईने विचारलं.

"काय सांगू बाई! ह्या पोरीनं फवारा मारलेला, आन् मला काय म्हाईत? पाटी लागायच्या आधल्या शनवारी मी तीच पानं नेली. इषारी हार घातला म्या देवाला!" काकूंचे डोळे भरून आले. "म्हणून मंगळवार धरलाय. मीठ बी सोडलंय. पोरीचा काय दोष न्हाई, तिनं पाटी लावली बिचारीनं. माझंच चुकलं, इचारायला पायजे हुतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण काकूंनी त्यात चमच्याने खिचडी घातली. काकूंच्या प्रायश्चित्ताची खिचडी मी दोन वाट्या खाल्ली. (बिनमिठाची होती. माझ्या लायकीची होती.)

आणि रविवारी न्हावऱ्याहून मामा आला.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. कांदा आणि चार गाई. त्याचा फवारणीचा पंप बिघडला होता, तो दौंडला दुरुस्त करून घेतला आणि मोटरसायकलच्या मागे बांधून जेवायला आमच्याकडे आला. पंपावर मामाचा फार जीव. काहींना घोडा आवडतो, मामाला पंप. जेवताना तो त्यालाच दिसेल असा दारात उभा करून ठेवला होता.

जेवण झालं. मामा हात पुसत बागेत गेला. त्याने बोर्ड वाचला आणि मान डोलावली. "दाजी, रुईला फवारा? शेळीबी तोंड लावत न्हाई हिला!"

"पोरीची हौस आहे," पप्पा म्हणाले.

"असू द्या, असू द्या. पोरगी आपल्या वळणावर गेली." मामाने कौतुकाने एक पान उलटं केलं. मग जवळ वाकला. दुसरं पान उलटलं. तिसरं.

"आक्के!" मामा ओरडला. "भायेर ये! ह्या अळ्या जित्त्या हायत!"

आम्ही सगळे बाहेर आलो. भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं.

"अगं पिंके, कवा मारलं औषध?"

"आठ दिवस झाले," माझ्याऐवजी पप्पांनी सांगितलं.

"आन् ह्या बोटाएवढ्या झाल्यात? औषध मारलं का टॉनिक? किती एमएल घेतलं पंपाला?"

मला काहीतरी बोलणं भाग होतं. "पाच."

"पाच? अगं ते सरबत झालं त्यांना! बाटली दाव."

"टाकून दिली."

मामाचा चेहरा गंभीर झाला. त्याने पप्पांना बाजूला घेतलं, पण मामाचं 'बाजूला' हे चार घरांना ऐकू जातं. "दाजी, पोरीला फसवलंय. डुप्लिकेट माल हाय. बोलत न्हाई म्हणून काय बी गळ्यात मारायचं का? कंचं दुकान ते सांग पिंके. आत्ता जाऊन त्याचं शटर वाजवतो!"

माझ्या डोळ्यांसमोर दौंडच्या बाजारातला कुणीतरी निरपराध दुकानदार आला, दुपारच्या जेवणानंतर जरा पडलेला. "मला दुकान आठवत नाही," मी म्हणाले.

"असू दे. दुकानाचं मागनं बघू. आधी ह्यांचा निकाल लावतो." मामाने पंप उचलला. "नायतरी पंपाची ट्रायल घ्यायचीच हाय. आन् कांद्याचं औषध गाडीला हाय. अस्सल! ह्याच्यापुढं अळी काय, अळीची आजी बी टिकत न्हाई."

तो नळाखाली पंपात पाणी भरू लागला. भिंतीवरून काकूंनी जोर दिला, "मारा दादा, चांगला मारा! ह्यांच्यापायीच माझ्या मारुतीला इष गेलं!"

पंप भरत होता. त्या पाण्याचा आवाज मला अजून आठवतो. माझ्या उरलेल्या अळ्या पानाच्या कडेने शिस्तीत कुरतडत होत्या, आपल्याबद्दल काय ठरतंय याचा पत्ता नाही. एक तर पान संपवून मान वर करून दुसरं शोधत होती. मामाने पिशवीतून औषधाची बाटली काढली. झाकणाला हात घातला.

अशा वेळी गोष्टींतल्या नायिका काहीतरी बाणेदार बोलतात. मी धावत गेले आणि रुईला मिठी मारली.

रुईला मिठी मारू नये. दोन फांद्या मोडल्या, पांढरा चीक माझ्या केसांवर, टीशर्टवर, हातावर सांडला. पण त्या चिकट अवस्थेत, डोळे घट्ट मिटून, माझ्या तोंडून एकदाचं आलं, "मी फवारलंच नाही! बोर्ड खोटा आहे! मी अळ्या पाळल्यात!"

नळ चालूच होता. तो बंद करायचंही कुणाला सुचेना.

"पाळल्यात?" मामा म्हणाला. त्याने हा शब्द गाईंसाठी वापरला होता, कुत्र्यासाठी, एकदा पोपटासाठीही. "अळ्या... पाळल्यात?"

"त्यांची फुलपाखरं होतात," मी डोळे मिटूनच म्हणाले. "केशरी. ती याच झाडावर होतात. काकू पानं नेत होत्या. अळ्या पानांबरोबर जात होत्या. मला सांगता येत नव्हतं. म्हणून बोर्ड लावला."

आता भिंतीकडे बघणं भाग होतं. काकूंचा चेहरा मी एवढा शांत कधी पाहिला नव्हता.

"म्हंजी," काकू म्हणाल्या, "पानाला इष नव्हतं?"

"नव्हतं."

"आन् मी बिनमिठाचं खाती आठ दिस?"

मी हसले. (सवय हो!)

"आन् खिचडी तू खाल्ली. दोन वाट्या!"

पहिले फुटले ते पप्पा. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्यामागून आई. मग भिंतीपलीकडून एक ओरड आली, "सूनबाई, मीठ आण गं! आधी मीठ आण!" आणि काकू फाटकातून आत आल्या. मला वाटलं आता रट्टा बसणार. त्यांनी पदर ओला करून माझ्या केसांतला चीक पुसायला घेतला. "डोळ्यांत जाईल गं मुके, हलू नगं. आगं, 'काकू, अळ्या हायत' एवढंच म्हणायचं. मी काय मारुतीला अळ्यांचा हार घालायला निघाली हुती?"

मामाला मात्र उमज पडायला वेळ लागला. तो पानाजवळ उकिडवा बसला. "दाजी, आख्खी हयात मी अळ्या मारण्यात घालवली."

"मग मी काय केलं?" पप्पा म्हणाले. हसू थांबलं होतं. "तीस वर्षं मी त्यांची घरं उपटली." मग जरा वेळ दोघंही झाडाकडे बघत राहिले, एखाद्याच्या दारात उशिरा पोचल्यासारखे.

त्या गडबडीत मामा औषध घेऊन गेला आणि पंप विसरून गेला.

पुढच्या शनिवारी बायका परत आल्या, खुर्च्या परत लागल्या. आता नियम काकूंचा होता: पान उलटून बघितल्याशिवाय तोडायचं नाही. "थांबा! ह्या पानावर मुकीचं पोर हाय!" असा त्यांचा आवाज गल्लीभर जायचा. मारुतीला हार जरा लहान गेला, पण पप्पा म्हणाले की तो समजूतदार आहे.

आणि मग एका सकाळी झाडावर एकही अळी नव्हती. मी घाबरून पानन्पान पाहिलं. कोश करायची वेळ झाली की काही अळ्या झाड सोडून निघतात, हे मला माहीत होतं. पण कुठे निघतात हे कोण सांगणार? आम्ही भिंत, फाटक, कुंड्या सगळं शोधलं. शेवटी पप्पांना सापडलं. दाराशेजारी मामाचा पंप उभा होता, धुतलेला, कोरडा. त्याच्या खांद्याच्या पट्ट्याखाली एक पोपटी कोश लटकत होता, त्यावर सोन्याचे बारीक ठिपके. जगातल्या सगळ्या जागा सोडून, फवारणीच्या पंपावर!

त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला. "दाजी, पंप घ्यायला येतोय उद्या. कांद्यावर रोग आलाय."

"पंप मिळणार नाही," पप्पा म्हणाले. "त्याच्याकडे बाळंतपण आहे."

समजावून सांगायला बराच वेळ लागला. त्या दिवसापासून मामा शेजाऱ्याचा पंप मागून आणायचा, शेजाऱ्याचे टोमणे खायचा आणि रोज फोन करायचा. "झालं का? अजून न्हाई? आमच्या गाईबी एवढा भाव खात न्हाईत!"

आठवडा उलटला आणि कोश काळसर दिसू लागला. काकू म्हणाल्या, "मेलं गं पोर!" पण मी वाचलेलं होतं. कोश पारदर्शक होतो, आतले केशरी पंख दिसू लागतात, म्हणजे उद्या सकाळी. मी स्वतः मामाला फोन केला. (स्वतः! त्यालाही कुणाचा आवाज आहे ते ओळखायला वेळ लागला.) दुसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत मामा न्हावऱ्याहून हजर. पंपाभोवती चार खुर्च्या लागल्या: पप्पा, आई, मामा, काकू. पाचवी माझी, मधोमध, सगळ्यात जवळ.

मी बसले. नवाच्या सुमाराला कोश किंचित हलला. आणि आत लॅपटॉप वाजला.

मीटिंग होती. पंधरा मिनिटांची आहे असं मॅनेजर म्हणाला. 'मला जरा काम आहे' असं चॅटवर लिहायला चार शब्द पुरले असते. मी ते लिहिले, वाचले आणि पुसले. पंधरा मिनिटांचं काय एवढं?

अर्धा तास झाला. खिडकीतून ऐकू आलं, "चिरलं! चिरलं! दाजी, वरनं चिरलं!" पडद्यावर कुणीतरी मागच्या तिमाहीचा आलेख दाखवत होतं. काकूंनी खिडकीच्या गजांवर थाप मारली. "मुके, ये की! पाय काढतंय भायेर!" मी त्यांना हाताने 'आले, आले' अशी खूण केली. मग आई दारातून डोकावून गेली. मग मामा. "पिंके, पंख बघ, चुरगाळलेल्या रुमालावाणी हायत! आता उलगाडतंय!" फुलपाखराला पंख वाळवून उडायला तासभर लागतो म्हणे. मी मनात म्हटलं, तासभर आहे ना, वेळ आहे. आमच्या मीटिंगनेही तेच मनात म्हटलं होतं.

मग बाहेर एकदम शांतता झाली. चार माणसं एकाच वेळी श्वास रोखतात ती शांतता. आणि मग काकूंचा, मामाचा, आईचा आणि तीस वर्षं रुई उपटलेल्या माझ्या बापाचा एकत्र ओरडा आला, "उडालं!"

नेमकं त्याच वेळी मॅनेजरने माझं नाव घेतलं. अख्ख्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा.

"प्रज्ञा, तुला काही सांगायचं आहे?"

मी माइक चालू केला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, न अडखळता, न हसता, कुणाच्याही तोंडावर ठणकावून म्हणाले, "नो."